मतपत्रिकेवरचा शिक्का

सौदीतल्या दम्मामच्या आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जातो. शिक्का बसल्याशिवाय एकही चिटोरं माझ्या टेबलावरून हलत नाही, आणि याचा मला जरा जास्तच माज होता. जर्मनीहून पंपांचे कागद नेहमी येतात. त्या आठवड्यात आलेलं पाकीटही मी त्यातलंच समजून फोडलं आणि आतल्या लांबलचक कागदावर तारखेसकट ‘रिसीव्ह्ड’चा शिक्का हाणला.

ती आमच्या जर्मन इंजिनिअर साहेबांची टपालाने मत देण्यासाठी आलेली मतपत्रिका होती. तिकडे सरकार मध्येच कोसळून घाईने निवडणूक लागली होती. साठीचे हे साहेब गेले पंधरा दिवस चहाच्या वेळी मला त्यांचा मतदारसंघ ऐकवत होते. बंदराचं शहर, गोदीकामगारांची वस्ती. आजोबांच्या काळापासून तिथे कामगारांचाच पक्ष निवडून यायचा; उमेदवार कोण, हे कुणी बघतही नसे. पुढे गोदी बंद पडली, त्या घरांत विद्यार्थी आणि मोठ्या पगारांची माणसं आली, मतं तीन पक्षांत फुटली आणि मागच्या खेपेला जागा थोडक्यात हातची गेली. त्यात यंदा नवा कायदा. मतदारसंघात पहिला आला, तरी त्याच्या पक्षाला राज्यात पुरेशी मतं नसतील तर उमेदवार घरीच.

“म्हणजे निवडून येऊनही पडला?” मी विचारलं होतं.

“म्हणून तर एकेक मत हवं,” ते म्हणाले होते.

आता त्यांचं मत माझ्या शिक्क्याखाली होतं. “यावर दुसरी कसलीही खूण चालत नाही,” कागद बघून ते म्हणाले. “आणि नवीन मागवायला दिवस उरले नाहीत.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “आमच्याकडे पूर्वी मत शिक्क्यानेच द्यायचे.” ते हसले नाहीत.

कोपऱ्यात जाऊन त्यांनी दोन फुल्या मारल्या, एक उमेदवाराला, एक पक्षाला. पाकीट बंद करून कुरियरसाठी माझ्याकडे दिलं.

“सर, हे बाद होईल.”

“बाद मतंही मोजतात. मी मत द्यायला आलो होतो, एवढं तरी कळेल.” मग सहज विचारलं, “तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत?”

“आम्हाला टपालाने देता येत नाही. तिथे जावं लागतं,” मी म्हणाले.

ते खरंच आहे. पण गेल्या अकरा वर्षांत दोनदा ऐन मतदानाच्या दिवशी मी रजेवर रत्नागिरीलाच होते, आणि उन्हात रांगेत कोण उभं राहणार म्हणून घरी बसले होते. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.