बार्लाचा हात

बार्लाच्या पायाला भिंगरी आहे असं सगळं गाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाई घटकाभर खाली बसली असेल तर शपथ! चर्चमध्ये प्रवचन लांबलं की हिची टाच बाकाखाली टकटक वाजायला लागायची आणि पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून डोळे वटारायची. नवरा गेला, गाई विकल्या, गोठा ओस पडला, तेव्हा लोकांना वाटलं आता तरी ही निवांत होईल. कसलं काय! रोपवेच्या वरच्या टोकाला, मुलंबाळं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी खेळबाग झाली होती. ही तिथे जाऊन झिपलाईनच्या, म्हणजे तारेला लटकून दरी ओलांडायच्या खेळाच्या, फळीवर उभी राहिली, ती आजतागायत.

पट्टे आवळायचे, कडी अडकवायची, फाटक उघडायचं, हे काम कुणीही करेल. बार्लाचं नाव झालं ते तिच्या हातामुळे. एखादं पोर फळीच्या कडेला येऊन थिजायचं, खालची दरी बघून मुसमुसायला लागायचं. आईबाप 'सोन्या, राजा' करत बसायचे. बार्ला गुपचूप मागे जायची, पोराच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवायची, काहीतरी फुटकळ विचारायची, आणि ते उत्तर द्यायला लागलं की द्यायची लोटून. झालं! पोर किंचाळत सुटायचं आणि पलीकडच्या टोकाला हसत उतरायचं. फळीवरून तरी ते हसणंच वाटायचं.

मालकांनी ताकीद दिली होती, कुणाला ढकलायचं नाही. बार्ला मान डोलवायची आणि करायचं तेच करायची. त्या खोऱ्यात कुणाला त्यात वावगं वाटत नसे. तिथली पोरं धड चालायला लागायच्या आत स्कीवर उभी केली जातात, आणि भीती ही मागून ढकलून काढायची गोष्ट आहे असंच सगळे धरून चालतात. बार्लाला तिच्या बापानं असंच गावाच्या वरच्या तळ्यात खडकावरून लोटलं होतं. बार्लानं आपल्या प्लात्सीला लोटलं. "हूं की चूं केलं नाही पठ्ठ्यानं," असं ती अजून कौतुकानं सांगायची.

हा प्लात्सी तिचा एकुलता एक. बाझेलला ट्राम चालवतो. सपाट शहर, सपाट रूळ. लग्न झाल्यापासून तो एकदाही गावाकडे फिरकला नव्हता. नाताळला आईच तिकडे जायची आणि त्यांच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालून सगळ्यांना वैताग आणायची. का येत नाहीस म्हणून विचारलं की "सुट्टी नाही गं" हे ठरलेलं उत्तर. या उन्हाळ्यात मात्र त्याची लेक, उर्सिना, हटूनच बसली. आजीची झिपलाईन बघायची म्हणजे बघायची.

"सकाळच्या बसनं येतो," प्लात्सी फोनवर म्हणाला. "थेट वरच येऊ. तिचं खेळून झालं की संध्याकाळच्या बसनं परत. घरी यायला जमणार नाही, तेव्हा स्वयंपाकबियंपाक मांडू नकोस."

बार्लाच्या जिवाला ते लागलं. पण तिनं मनाशी हिशेब केला की पोरीला एकदा डोंगराची चटक लागली की बापाला यावंच लागेल, दर उन्हाळ्याला यावं लागेल. सगळं त्या एका उडीवर होतं.

आणि नेमका त्याच दिवशी फॉन सुटला. हा दक्षिणेचा कोरडा, गरम वारा सुटला की खोऱ्यात कुणाचं कुणाशी पटत नाही. डोकी दुखतात, कुत्री उगाच भुंकतात, नवराबायको मिठावरून भांडतात. बार्लाला तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. फळीवर ती सारखी वाऱ्याच्या झेंड्याकडे बघत होती. झेंडा आडवा ताठ झाला की तार बंद करायची, असा नियम.

"बार्लाकाकू, बघून बघून थांबणार आहे का तो वारा?" फाटकावरचा तुमाश म्हणाला. "आणि त्या कड्या किती वेळा मोजाल? पळून जातायत का त्या?"

"तू तुझं फाटक सांभाळ. तोंड बंद ठेवलंस तरी वारा निम्मा कमी होईल."

ते आले तेव्हा दुपार व्हायला आली होती. उर्सिनाची बडबड पायऱ्यांवरूनच ऐकू येत होती. आजी, मी डोळे उघडे ठेवणार! आजी, मी हात सोडणार! बार्लानं तिला कवटाळलं, शिरस्त्राण चढवलं, पट्टे आवळले. प्लात्सी कठड्याला धरून मागे उभा राहिला. तो आईशी नीट बोलला, पण दरीकडे त्यानं पाहिलं नाही.

उर्सिना कडेला गेली. खाली पाहिलं. बडबड थांबली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मला नको."

"अगं, सगळ्यांना आधी असंच होतं."

"नको ना."

मागे रांग वाढत होती. झेंडा फडफडत वर येत होता. आणखी थोड्या वेळानं तुमाशला तार बंद करावीच लागली असती, आणि मग संध्याकाळची बस, बाझेल, संपलं सगळं.  रांगेतला झुरिकचा एक गृहस्थ दर वर्षी यायचा, त्याच्या तिन्ही पोरांना हिनंच ढकललं होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "बार्लाबाई, वाट कसली बघताय? द्या ना तुमचा हात!" लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

बार्ला काही ठरवून मागे गेली नाही. पाय गेले. हात उठला आणि उर्सिनाच्या पाठीवर टेकला.

"शाळेत तुझी मैत्रीण कोण गं?" तिनं विचारलं.

"आई," मागून प्लात्सी म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण तिनं वळून पाहिलं. लेकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी तेव्हा ओरडलो नाही," तो म्हणाला. "तोंडच उघडत नव्हतं माझं. हवेतच चड्डी ओली झाली. पाण्यात पडलो म्हणून कुणाला कळलं नाही, एवढंच."

टाळ्या थांबल्या. बार्लाच्या तळहाताखाली उर्सिनाचं काळीज धाडधाड उडत होतं. असं उडणं तिनं शेकडो पाठींवर चाचपलं होतं. ही तयारीची खूण, असं तिनं आजवर खुशाल मानलं होतं. स्वतःचीच तिला शिसारी आली. तिनं हात काढला. मग कडी सोडवली, पट्टे ढिले केले.

"मी हरले का गं?" उर्सिनानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर बार्लाला आजवर कधी द्यावंच लागलं नव्हतं.  "आपण चालत खाली जाऊ," एवढंच ती म्हणाली.

"अहो, आणि आमचं काय?" झुरिकचा गृहस्थ म्हणाला.

"तुमचं तुमाश बघेल. आणि तुमच्या पोरांना एकदा विचारा, आवडलं होतं का ते. खरं सांगतील तर ऐकून घ्या."

कामाच्या मध्येच फळी सोडून जाणारी बार्ला तुमाशनं पहिल्यांदाच पाहिली. तो बिचारा फाटक धरून बघतच राहिला.

पायवाट देवदारांतून उतरते. उर्सिना पुढे पळाली, जांभळी रानफळं तोडून तोंड रंगवत. खाली उतरताना तिची बडबड पुन्हा सुरू झाली, जणू मघाशी काही झालंच नव्हतं. मायलेक मागून चालत होते. वारा झाडांच्या शेंड्यांत घोंगावत होता.

"तेव्हाच का नाही बोललास रे?" शेवटी बार्लानं विचारलं. आवाजात राग होता, आणि तो कुणावर हे तिलाच कळत नव्हतं. "एवढी वर्षं मनात ठेवलंस! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"बोललो होतो."

"कधी?"

"खडकावर. नको म्हणालो. तीनदा म्हणालो, आई."

बार्ला वाटेतच थांबली. तिनं आठवून पाहिलं. तळं आठवलं, ऊन आठवलं, काठावर हसणारा नवरा आठवला, प्लात्सीची उन्हानं तापलेली पाठ अजून हाताला जाणवत होती. पण तो शब्द काही केल्या सापडेना.

"मला ऐकूच आलं नाही रे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, नाक शिंकरत, बाईमाणूस भर वाटेत रडतं तसं.

"तेच तर सांगतोय मी," प्लात्सी म्हणाला.

तो जवळ आला नाही, पण पुढेही गेला नाही. तिचं रडणं आवरेपर्यंत बुटाच्या टोकानं एक दगड उकरत राहिला. मग वाकून उर्सिनानं पळता पळता वाटेत टाकलेली पिशवी उचलली.

"घरी खायला काय आहे?" त्यानं विचारलं.

"घरी?" बार्लानं डोळे पुसले. "काही नाही. तूच म्हणालास ना मांडू नकोस म्हणून! मी चूलसुद्धा पेटवली नाही."

"बटाटे तरी असतील."

बटाटे होते.