काठीनं तपासलेलं पोट

डॉक्टरनं माझ्या नवऱ्याच्या पोटावर काठीचं टोक टेकवलं. हात नाही. काठी. अंगणात, उघड्या मातीवर, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी निजवून. ओसरीची पायरी आम्हाला बंद होती. आम्ही महारवाड्यातले.

लढाईचे दिवस होते. हे पलटणीत होते, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून हिवताप घेऊन गावी आले. गाव वडूजच्या अलीकडचं. अंग पिवळं पडलेलं, हातापायाच्या काड्या आणि डाव्या बरगडीखाली दगडासारखी पानथरी. थंडी भरली की दात वाजायचे, वाकळा पुरायच्या नाहीत. कोयनेल, हिवतापावरचं औषध, कुठंच मिळेना. गावच्या डॉक्टरकडं थोडं आहे असं कळलं, म्हणून बाजेवर घालून नेलं. लेक माझ्या कडेवर. औषध मिळालं की माणूस वाचेल, एवढंच डोक्यात.

"पाय लांब कर. हलू नकोस," डॉक्टर म्हणाला.

हे हलले नाहीत. फौजेतली सवय, हुकूम सुटला की ऐकायचं. डॉक्टरनं काठीनंच सदरा वर सारला. इथं टोचलं, तिथं टोचलं. मग कंपाउंडरला म्हणाला, प्लीहा बेंबीपर्यंत आली आहे. प्लीहा म्हणजे हीच पानथरी. म्हणजे कळत होतं त्याला. कळत असून त्यानं तिच्यावर काठी रोवली. ह्यांनी मुठीत माती आवळली.

"पल्टनीत डाक्टर हात लावून बघायचा, सायेब," हे हळू म्हणाले.

"मग जा पलटणीत."

कंपाउंडर हसला. कोयनेलचं पाणी त्यानं हातभर उंचीवरून आमच्या तांब्यात ओतलं. निम्मं मातीत गेलं. तेवढ्यात हे डावा खांदा धरून वाकले. टोचलं पोटाला आणि दुखतोय खांदा, मला काही उमजेना. ओठ पांढरे, अंगाला गार घाम, पोट फुगत चाललेलं. नाडी बघा म्हणून मी विनवलं. त्यानं नाडी धरली नाही. कंपाउंडरला काठी धुवायला सांगितलं, गोमूत्र शिंपडायला सांगितलं. माझा माणूस मरत होता आणि हा काठी धुवून घेत होता.

घरी नेताना बाजेवरच गेले हे. पुढं मी माधवनगरच्या गिरणीत लागले. तिथल्या नर्सबाईनं माझ्या बरगडीखाली हात ठेवून समजावलं, जुन्या हिवतापात पानथरी फुगून नाजूक होते, जोरात दाबली तर फुटते, रक्त पोटातच साठतं आणि कळ डाव्या खांद्यात निघते. शिकलेल्या डॉक्टरला हे ठाऊक नसेल, असं मला कुणी सांगू नये.

ह्यांचे दिवस व्हायच्या आतच डॉक्टरचा निरोप आला. त्याची म्हैस मेली होती, ओढून न्यायला या. मेलेलं ढोर ओढायची पाळी त्या वर्षी आमच्या घराकडं होती. सासरे दोर घेऊन उठले. पोटचा पोरगा त्या डॉक्टरच्या काठीनं गेलेला, तरी उठले. नाही गेलो तर बलुतं बंद होईल, म्हणाले. मी दार अडवलं.

"आवं मामंजी, ह्यांच्या जित्या पोटाला त्यानं हात लावला न्हाई. त्याच्या मेल्या म्हशीला आमी कशाला लावायचा?"

सासऱ्यांनी दोर खाली टाकला.

म्हैस तिथंच फुगली. पोट फुटलं, माश्या घोंगावल्या, वास पार पेठेपर्यंत गेला. पेठेतले लोक नाकाला उपरणं लावून आमच्या वाड्याला शिव्या देत होते. त्यांतल्या एकालाही दोर धरावासा वाटला नाही. बलुतं बंद झालं. आम्ही गाव सोडलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी ढोर ओढलं नाही. ओढणार नाही. लेकीलाही बजावून ठेवलंय, जो तुला शिवायला कचरतो त्याच्यापुढं हात जोडायचे नाहीत, मग जीव जात असला तरी. जोडलेस तर माझ्या दारात यायचं नाही.