पन्नास घरांचा तांदूळ

घरटी मूठभर तांदूळ गोळा करायची कल्पना माझी. हे मी आजही ठासून सांगते, कारण पुढे गावातल्या दहा जणी ती आपलीच म्हणून मिरवू लागल्या. पदर खोचून दारोदार फिरायची वेळ आली तेव्हा कुठे होत्या सगळ्या?

तेव्हा मी विशीतली सून. आमचं गाव किहीमच्या अलीकडे, खाडीकाठी. आषाढी अमावस्येच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि बांधाजवळची सात घरं शेतांसकट खाऱ्या पाण्याखाली गेली. माणसं तेवढी वाचली. ती देवळाच्या धर्मशाळेत येऊन राहिली. आमच्याच भावकीतली, शेतकरी माणसं होती ती.

पहिले दोन दिवस मी घरूनच पेज नेली. सगळे जेवले, एक म्हातारी सोडून. मागेपुढे कोणी नाही, झोपडी वाहून गेलेली, पाणी ओसरल्यावर तिच्या जागेवर फक्त जातं सापडलं. शेजाऱ्यांनी ते धर्मशाळेत आणून ठेवलं. त्याला टेकून ती बसून होती. पेज पुढे केली की तोंड फिरवायची. "फुकाचं न्हाय खायाची मी. भिकारीण हाय का?" दोन दिवस नुसत्या पाण्यावर. असंच चाललं तर ही जाते, हे दिसत होतं.

एका घरच्या पेजेने तरी किती दिवस निघणार? मी घरोघर फिरले. "आधण ठेवाल तेव्हा एक मूठ त्यांच्या नावाने काढा," म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं!" बोलू दे म्हटलं. दुपारपर्यंत टोपली शिगोशीग भरली. काय मिरवत नेली मी ती!

धर्मशाळेत मोठ्या हंड्यात अर्धा तांदूळ वैरला. झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. कोणाचा उकडा, कोणाचा साधा, कोणाचा जुना, कोणाचा नवा. अर्ध्याची खळ झालेली, अर्धा खडीसारखा टणक. पोरांनी घास थुंकले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी बोलली. "काय गो पोरी, कधी भात रांधलास का न्हाय? पन्नास घरांचा तांदूळ एका आधणात शिजतो व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "बसल्या जागी नावं ठेवायला बरं जमतं, आजी! येत असेल तर उठा नि दाखवा करून!"

सगळ्यांनी जीभ चावली. उपाशी म्हातारीला असं बोलतात का? पण ती उठली. भिंत धरून उठली. उरलेली टोपली जात्याकडे ओढली आणि खुंटा धरला. "भात व्हयाचा न्हाय ह्याचा. भाकर व्हईल. पिठाला कसला उकडा नि कसला काय!" एकटीला जातं ओढेना, म्हणून समोरून खुंटा मी धरला. तिने तेवढं चालवून घेतलं.

पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या तिने हातावर थापल्या. आधी सगळ्यांना वाढल्या. मग एक स्वतःच्या हातावर घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही माज्या मेहनतीची." तिने पहिला घास मोडला आणि मी सगळ्यांदेखत रडले.

अख्खा पावसाळा त्या जात्यावर धर्मशाळा जेवली. पुढे गावाने मिळून बांध घातला, घरं उभी केली. मूठ मात्र मी थांबवली नाही. धर्मशाळेत कोणी ना कोणी निराधार असायचंच.

मिठाने मारलेल्या तिच्या शेतात दोन वर्षं काही उगवलं नाही. तिसऱ्या वर्षी कापणी झाल्यावर ती आमच्या दारात आली. पदराच्या गाठीत खाऱ्या जमिनीतला लाल तांदूळ. "ही माजी मूठ." मी टोपली पुढे केली तर हात मागे घेतला. "येगली ठेव गो बाय. तुजा काय भरवसा?"

सासूबाई आतून हसत आल्या. ज्या मला मूठ गोळा करू नको म्हणत होत्या, त्यांनीच वाटी आणली आणि पाट मांडला. "जेवून जा," म्हणाल्या.

आता ही 'फुकाचं' म्हणून तोंड फिरवणार, असंच मला वाटलं. म्हातारी पाटावर बसली, जेवली, आणि ताट पुढे सरकवून म्हणाली, "भात वाढ गो अजून."