पिठाच्या बोटाला दाद न देणारं घड्याळ

मैत्रिणींनो, सकाळपासून नुसती चिडचिड होतेय.

लेकीनं मला फिरायला जाताना घालायला स्पोर्ट्स वॉच दिलंय. आज ते न काढताच भाकरी थापायला बसले. थापण्याच्या दणक्यानं घड्याळाला वाटलं, मी पडले! 'ठीक आहे' सांगायला काचेवर बोट लावायचं, पण ओल्या पिठाचं बोट त्याला कळेचना. हात धुऊन येईपर्यंत पुण्यात लेकीला निरोप गेलासुद्धा.

तिचा रडतच फोन. "आई, बोल की गं!" तिचे बाबा गेले तेव्हाही तिला असाच अचानक निरोप मिळाला होता.

"अगं, भाकरी थापत होते," म्हटलं, तर आणखीच रडली.

ह्यांच्या जुन्या घड्याळाची बटणं कसल्याही हातानं दाबता यायची. तसं बटणांचं, पण पडल्यावर लेकीला कळवणारं घड्याळ कुणी वापरतं का? घरात मी एकटीच असते.