कोपरावरची पावडर

मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये शेजारच्या पोरीनं पावडरचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासासरशी मी तोंड फिरवलं.

याच वासात मी एकदा नेकनूरला, मावशीच्या घरी, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर उभी होते. भारताकडून रग्बी खेळून परतल्याला चारच दिवस झाले होते. एका धिप्पाड खेळाडूला पाडताना कोपर सोलून निघालं होतं. मावशीनं त्या ओल्या जखमेवर पावडर थापली आणि वरून पदर ओढला. "खेळाचं काई बोलू नको. लई चांगलं स्थळ हाय."

मुलाच्या बापानं पोहे चावता चावताच फर्मावलं, "पोरी, चालून दाखव जरा."

दुखरा गुडघा लपवत, बारीक पावलं टाकत मी भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

"गरीब हाय पोरगी, गाईवानी," तो म्हणाला. त्याच्या दातांत पोहे अडकले होते.

ते स्थळ पुढं मोडलं. इतकी वर्षं मला त्या दातांचीच किळस यायची. आज मात्र आठवलं, त्याचं बोलणं ऐकून मी मान खाली घालून हसले होते. बरं वाटलं होतं मला. शी!

"झाकण लाव आधी त्या डब्याला," मी त्या पोरीवर खेकसले.