आमच्या टीमचा नवा कोच

इथं आखातात, अल खौदमधल्या आमच्या खालच्या डिव्हिजनच्या क्रिकेट टीमचा कोच आधी मी होतो. सगळे सामने हरलो, मग हा आला. आठवडाभर एसी दुरुस्त करतो, शुक्रवारी मैदानात उभा राहतो आणि एवढंच बोलतो, "यल्ला, चल, परत टाक." माझ्या भाषणांना जांभया देणारी तीच माणसं त्याच्यासाठी उन्हात धावतात.

फायनलला त्यानं मला विचारलं, "दादा, शेवटची ओव्हर कोणाला द्यायला सांगू?" तो हरावा म्हणून मी आमच्या सर्वांत वाईट बोलरचं नाव सांगितलं. त्यानं निमूट ऐकलं, आणि आम्ही जिंकलो.

सगळे त्याला उचलायला धावले, तर म्हणतो, "मला कशाला? डोकं दादांचं."

मग सगळ्यांनी मलाच उचललं. लोकांच्या खांद्यावरून मला दिसलं, तो एकटाच स्टंप गोळा करत होता. मेला धड जळूही देत नाही.