उणे वीस अंश

पदार्थविज्ञान डोक्याने शिकायचं असतं, असा गैरसमज आमच्या नदीकाठच्या पखोक्कूत कोणाचाच नव्हता. ते फुप्फुसांनी शिकायचं. सया, म्हणजे गुरुजी, ऊ ओन ल्विन यांच्या लाकडी घराखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, दहावीची मुलं सकाळ-संध्याकाळ बाकांवर खेटून बसत आणि सोडवून दिलेली उदाहरणं एका सुरात ओरडून म्हणत. तीही इंग्रजीतून. म्हणणाऱ्याला इंग्रजी कळत नसे आणि ऐकणाऱ्याला पदार्थविज्ञान, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. मनोऱ्यावरून सोडलेला दगड किती सेकंदांत जमिनीवर येतो, हे समोरच्या विडे लावणाऱ्या मावशीलाही पाठ झालं होतं.

सयांनी सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून ही शिकवणी काढली आणि एक गाइड लिहिलं. यंत्रशास्त्र, उष्णता, वीज, सगळी उदाहरणं उत्तरांसकट. ते नदीच्या दोन्ही काठांवर खपत होतं. त्यांचा मुलांना एकच मंत्र होता: उदाहरण वाचू नका, ओळखा. बारा व्होल्टची बॅटरी दिसली की सातवं उदाहरण. वीस मीटरचा मनोरा दिसला की तिसरं. एका वर्षी पेपर काढणाऱ्याने मनोरा पाच मीटरने वाढवला, तर मुली रडत बाहेर आल्या. सयांनाही ते आवडलं नाही. बांधून झालेला मनोरा असा वाढवतात का, असं ते चहाच्या दुकानात बसून विचारत होते, आणि दुकान मान डोलावत होतं. विजेच्या प्रकरणात त्यांचा विशेष हातखंडा होता. आमच्या गावात तेव्हा वीज बहुतेक वेळ त्याच प्रकरणात असे.

अशा भाग्यवान माणसाच्या पोटी यी मोन जन्माला आली. एकुलती एक, बापासारखीच रुंद कपाळाची, आणि मंडालेला जाऊन इंजिनिअर व्हायचं, हे तिचं बाराव्या वर्षीच ठरलेलं. ती बापाच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसे, सगळ्यांच्या बरोबरीने ओरडे. तिला खोड एकच होती. उत्तर म्हणून झालं की ती त्याच्याकडे बघत बसे. चांगल्या घरातल्या मुलीला ही सवय कुठून लागली, देव जाणे.

परीक्षेला पंधरवडा उरला होता. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. सया वर ओसरीत कोरा चहा घेत बसले होते आणि मोन उष्णतेचं प्रकरण चाळत होती.

"बाबा, हे शून्य अंशावरच्या बर्फाचं उदाहरण. शंभर ग्रॅम बर्फात चाळीस अंशांचं शंभर ग्रॅम पाणी ओतलं."

"उणे वीस," सया पेल्यातून मान वर न काढता म्हणाले.

"ते पाठ आहे हो. पण बर्फ शून्यावर आणि पाणी गरम. दोघांना एकत्र केलं तर दोघांपेक्षा थंड कसं होईल? असं असतं तर बर्फाच्या कारखान्यात यंत्रं कशाला लागली असती? कढत पाणी ओतत बसले असते."

मा सेइन, म्हणजे मोनची आई, आतून हसली. सया हसले नाहीत. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. चहा निवायच्या आत त्यांना कळलं. सगळा बर्फ वितळेल एवढी उष्णता त्या पाण्यात नव्हतीच. अर्धा बर्फ वितळला की पाणी शून्यावर येऊन थांबणार, उरलेला अर्धा त्यात तरंगणार. आपण नुसते सूत्रात आकडे कोंबले आणि बाहेर पडलं ते छापलं. तेरा वर्षं आख्खं गाव बर्फावर गरम पाणी ओतून हिमालय गोठवत होतं, आणि एकानेही ते घरातल्या पेल्यात करून पाहिलं नव्हतं. सयांनीही नाही.

माणसाला चूक कळली की तो ती सुधारतो, असं शाळेच्या पुस्तकात असतं. सयांनी आधी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मोन म्हणाली, उद्या वर्गात सांगून टाकू या. सया म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, आता एका उदाहरणावरचा विश्वास उडाला तर पोरं बाकीच्या दोनशेंवरही शंका घेतील. शंका घेतलेल्या मुलाला पेपरात काही आठवत नाही. परीक्षा झाली की बघू.

"आणि पेपरात हेच आलं तर?" मोनने विचारलं.

"तर उणे वीस लिहायचं."

"चुकीचं आहे माहीत असून?"

"पाच वर्षांपूर्वी हे आलं होतं. उणे वीस लिहिणाऱ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. तपासणारा उत्तरं कुठून घेतो? माझ्याच गाइडातून. तू शून्य लिहिलंस तर तो बिचारा गोंधळेल आणि गुण कापून मोकळा होईल. तुला खरं उत्तर हवंय की डी?"

आमच्याकडे विशेष प्रावीण्याला डी म्हणतात, आणि डी किती, हे मुलीचं लग्न ठरवतानाही विचारतात.

"दोन्ही," मोन म्हणाली.

"दोन्ही मिळत असतं तर शिकवणी कोणी लावली असती?"

मग आईने बाहेर येऊन ठरलेलं वाक्य टाकलं, की बाबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या घटकेला ते खरं नव्हतं, आणि हे तिघांपैकी दोघांना माहीत होतं. तरी मोनने मान डोलावली. बापाचं ऐकणारी मुलगी होती ती. तिचं सगळं नुकसान त्या गुणापायी झालं.

पेपरात नेमकं तेच उदाहरण आलं. गावात दिवाळी. मुलं केंद्राबाहेर येऊन एकमेकांना उणे वीस, उणे वीस म्हणत मिठ्या मारत होती आणि पालक सयांकडे केळ्यांचे घड पाठवत होते. मोन सायकल हातात धरून चालत घरी आली. तिने बापाला एवढंच सांगितलं की आधी तिने सगळं नीट लिहिलं होतं, पन्नास ग्रॅम बर्फ उरतो, हेसुद्धा. मग खोडलं. खाली उणे वीस लिहिलं. सयांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, शहाणी माझी बाय.

आता त्या वर्षी पेपर तपासायला कोण बसावं? कुठलासा नवा माणूस, ज्याने सयांचं गाइड विकत घेण्याची तसदी घेतली नव्हती. त्याने म्हणे उदाहरण स्वतः सोडवलं. एवढ्या मोठ्या परीक्षेत असा बेजबाबदार माणूस नेमतातच कसे, हा प्रश्न जूनमध्ये निकाल लागल्यावर गावात सगळ्यांना पडला. पखोक्कूच्या डी निम्म्यावर आल्या. मोनची पदार्थविज्ञानातली डी दोन गुणांनी हुकली, आणि इंजिनिअरिंगची यादी तिच्या नावाच्या जरासं वर संपली. आधीचं न खोडता तसंच राहू दिलं असतं, तर ती आत असती.

घरी सांत्वनाला रीघ लागली. मोनच्या नव्हे, सयांच्या. लोक ओसरीत बसून लपे, म्हणजे मुरवलेली चहाची पानं, खात, शेंगदाणे वेचत आणि त्या परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बर्फाच्या कारखान्याचे मालक ऊ ठे माउंग स्वतः आले. हा गृहस्थ जन्मभर बर्फ विकत होता.

"शून्य म्हणे! आमच्या पोराने तुमचंच उत्तर लिहिलं, सया. तो शहाणा कोण लागून गेला?"

सयांनी शेंगदाण्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मोन पाहुण्यांना चहा देत होती. कपबशी ठेवताना तिचा हात जराही हलला नाही, आणि सयांना तेच सहन झालं नाही. तिने आदळआपट केली असती तर त्यांना रागावता आलं असतं. त्या रात्री ते भरल्या ताटावरून उठले. मा सेइनला वाटलं, डी कमी झाल्याचं दुःख.

गाइडची नवी आवृत्ती निघाली. उणे वीसच्या जागी शून्य आलं. का आलं, याबद्दल चकार शब्द नाही. सया काळाबरोबर चालतात, म्हणून लोकांनी कौतुक केलं. नव्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात शून्य तितक्याच जोरात म्हणायला घेतलं. मोनने गावातल्याच कॉलेजात प्राणिशास्त्राला नाव घातलं. तिला झुरळाची भीती वाटायची. सया रोज ठरवत की आज वर्गात सांगायचं, आणि रोज कुठलं ना कुठलं प्रकरण संपवायचं राहिलेलं असे.

असं करत तडिंजूट आलं. पावसाळ्याचे उपवास संपून घरोघर दिवे लागतात, आणि धाकट्यांनी थोरांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागायची असते. सयांचं घर माणसांनी फुलून गेलं. जुने-नवे विद्यार्थी, टॉवेल, साबण, नेसायच्या लोंजी, बिस्किटांचे डबे. सया खुर्चीत ताठ बसून एकेकाला क्षमा करत होते. या पोरांनी आपला काय अपराध केला, हे त्यांना आठवत नव्हतं. मागे पालक चटयांवर बसून पाहत होते.

शेवटी घरच्यांची पाळी आली. मोन पुढे झाली, पायांशी गुडघे टेकून बसली, कपाळाशी हात जोडले आणि लहानपणापासून म्हणत आली तसं म्हणाली, "बाबा, कायेने, वाचेने, मनाने माझ्याकडून तुमचा जो काही अपराध झाला असेल, त्याची मला क्षमा करा."

तिने तीनदा कपाळ टेकलं आणि ती तशीच खाली वाकून थांबली. आता सयांनी आशीर्वाद द्यायचा. इतका वेळ घडाघड चाललेलं क्षमा करणं इथे येऊन अडलं. तिच्या केसांचा बुचडा त्यांना दिसत होता, वाकलेली पाठ दिसत होती. लोकांनी माना पुढे केल्या.

"मी... मोन, मी तुझं..." सया म्हणाले, आणि भर सभेत रडू लागले.

मागच्या चटयांवर लोकांना भरून आलं. बाप असावा तर असा, असं ऊ ठे माउंग शेजाऱ्याला म्हणाले. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मोनने तो घेतला, बापाच्या हातात दिला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"बाबा, क्षमा केली म्हणा. सगळे थांबलेत."

सया पाणी प्याले, त्यांनी डोळे पुसले आणि म्हटलं, "क्षमा केली."